बातांग काली हत्याकांड : चौकशीची मागणी

मलायातील (आताचा मलेशिया) सेलांगोर राज्यात बातांग कालीजवळच्या रबर मळ्यावर डिसेंबर १९४८ मध्ये ब्रिटिश सैनिकांनी २४ निःशस्त्र चिनी मजुरांना ठार केले. या घटनेची सार्वजनिक चौकशी व्हावी म्हणून मृतांच्या नातेवाइकांनी दीर्घकाळ लढा दिला.

कम्युनिस्ट बंडाविरुद्ध जून १९४८ मध्ये मलायात आणीबाणी पुकारली होती. ११ डिसेंबरला स्कॉट्स गार्ड्सची तुकडी मळ्यावर आली. त्याच संध्याकाळी एका तरुणाला गोळी घातली गेली. बायकामुलांना पुरुषांपासून वेगळे करून दुसऱ्या दिवशी लॉरीतून हलवले. रात्रभर डांबलेल्या पुरुषांना गटागटाने बाहेर काढून मारले आणि मजुरांच्या झोपड्या जाळल्या. बेशुद्ध पडलेला एकच पुरुष वाचला.

मजूर पळून जात असताना गोळीबार झाला, असे सरकारने सांगितले. महाधिवक्ता फॉस्टर-सटन यांच्या तपासात सैनिकांचे म्हणणे ऐकले गेले, मळ्यातल्या एकाही रहिवाशाचे नाही. पुढे जानेवारी १९४९ मध्ये, पळणाऱ्यावर प्राणघातक बळ वापरण्याची मुभा देणारा आणि मागील कृत्यांनाही संरक्षण देणारा नियम काढण्यात आला. तपासाच्या निष्कर्षावर सरकारचा स्वतःचा तरी विश्वास होता का, हा प्रश्न या एका नियमामुळे उभा राहतो.

मृतांच्या घरच्यांना जे सांगायचे होते, त्याला दुजोरा मिळाला तो खुद्द ब्रिटनमध्ये. तुकडीतल्या काही सैनिकांनी शपथपत्रांत हत्या जाणूनबुजून केल्याचे कबूल केले, आणि १९७० च्या आरंभी ‘द पीपल’ या साप्ताहिकाने ते छापले. संरक्षणमंत्री डेनिस हीली यांनी प्रकरण सरकारी अभियोक्त्याकडे सोपवले, लंडन पोलिसांनी जबाब घेतले. जूनच्या निवडणुकीत सत्तापालट झाला आणि त्यानंतर लवकरच, मलेशियात जाऊन साक्षी घेण्याआधीच, तपास थांबवला गेला. सैनिक हयात होते, साक्षीदार स्त्रिया हयात होत्या. सत्य बाहेर येण्याची सर्वांत चांगली संधी इथेच हुकली.

बीबीसीच्या १९९२ मधील माहितीपटाने विषय पुन्हा उघडला. १९९३ मध्ये कुटुंबीयांनी ब्रिटनच्या राणीकडे अर्ज केला. मलेशियन पोलिसांनी सुरू केलेला तपास १९९७ मध्ये निष्पत्तीविना संपला. त्यानंतरच्या अर्जांवर ब्रिटिश सरकारने २००९ आणि २०१० मध्ये चौकशीस नकार दिला. फार काळ लोटला, पुरावा क्षीण झाला, शिकण्यासारखे फारसे उरले नाही, अशी त्याची कारणे होती. यातला काळ लोटल्याचा मुद्दा मान्य करणे कठीण आहे, कारण तो लोटू देण्यात सरकारचा स्वतःचा मोठा वाटा होता.

नातेवाईक लंडनच्या न्यायालयात गेले. २०१२ मध्ये उच्च न्यायालयाने या मृत्यूंची जबाबदारी ब्रिटनवर येते हे मान्य केले, मात्र चौकशीचा आदेश दिला नाही. सर्वोच्च न्यायालयाने २५ नोव्हेंबर २०१५ रोजी चार विरुद्ध एक मतांनी अपील फेटाळले. मानवी हक्क करारातील तपासाचे बंधन इतक्या जुन्या घटनेला लागू होत नाही, आणि चौकशी नाकारण्याचा मंत्र्यांचा निर्णय अवाजवी नाही, असे बहुमताचे मत पडले. लेडी हेल यांचे एकमेव भिन्नमत मात्र मुळाशी जाते. एवढ्या गंभीर अन्यायात सत्य प्रस्थापित होण्याला स्वतंत्र मूल्य आहे आणि सरकारने ते पुरेसे विचारात घेतलेच नाही, असे त्यांनी नोंदवले. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २०१८ मध्ये कुटुंबीयांची तक्रार अग्राह्य ठरवली. या हत्यांसाठी एकाही सैनिकावर खटला चाललेला नाही.