उलटा धबधबा आणि पाण्याचं गणित

नाणेघाटातल्या उलट्या धबधब्याची रील तुम्ही पाहिलीच असेल. कड्यावरून खाली झेपावणारं पाणी वारा पुन्हा वर फेकतो. मी जुन्नरचा, त्यामुळे लहानपणी तिथे फक्त भिजायचो. इंजिनिअर झाल्यावर वाटायला लागलं, हे कॉम्प्युटरवर हुबेहूब उतरवता येईल का? म्हणून द्रवगतिकी आणि सिम्युलेशनमधल्या पीएचडीच्या जागा शोधायला लागलो. नजरेत भरल्या त्या सगळ्या परदेशातल्या. पाण्याचं गणित तिकडेच शिकायचं असतं, असं मी धरून चाललो. मग थोडा इतिहास वाचला.

१९१६ साली मुंबई इलाख्याच्या सरकारने पाटबंधाऱ्यांच्या प्रश्नांसाठी पुण्यात एक छोटा विभाग सुरू केला. आज तोच खडकवासल्याला केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र म्हणून उभा आहे. क्लॉड इंग्लिस हे त्याचे दीर्घकाळचे प्रमुख. १९४७ मध्ये ब्रिटनने स्वतःची जलसंशोधन संस्था काढली, तेव्हा पहिले संचालक म्हणून इंग्लिस यांनाच नेमलं. म्हणजे इथल्या नद्यांवर घासलेलं ज्ञान तिकडे गेलं.

तिथली पद्धत म्हणजे नदीची छोटी प्रतिकृती बांधायची आणि तिच्यात पाणी सोडायचं. समजा, प्रतिकृती शंभरपट लहान आहे. मग पाण्याचा वेग शंभरपट नाही, दहापटच कमी ठेवावा लागतो आणि नदीतला एक दिवस प्रतिकृतीत २ तास २४ मिनिटांत संपतो. पण वाळू शंभरपट बारीक केली की तिचा गाळ होतो आणि तो चिकटून बसतो. पाणी लहान होतं, वाळू होत नाही. त्यामुळे प्रतिकृतीचं उत्तर कुठपर्यंत खरं मानायचं, हे माणसालाच ठरवावं लागतं.

दुसरी वाट समीकरणांची. पुण्यात इंजिनिअरिंग शिकलेले सुहास पाटणकर पुढे लंडनच्या इम्पिरियल कॉलेजात गेले. १९७२ मध्ये त्यांनी आणि ब्रायन स्पाल्डिंग यांनी 'सिंपल' ही पद्धत मांडली. दाब अंदाजाने धरायचा, त्यावरून वेग काढायचा, प्रत्येक चौकटीत आलेलं आणि गेलेलं पाणी जुळतं का ते पाहायचं, नाही जुळलं तर दाब सुधारून पुन्हा सुरुवात. प्रवाहाची कितीतरी सॉफ्टवेअर आजही याच पद्धतीवर किंवा तिच्या भावंडांवर चालतात.

आता आमच्याकडे या. जुन्नर-आंबेगावात माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे अशी धरणं आहेत. आणि आंबेगावातच माळीण आहे. ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगराचा चिखल गावावर आला आणि दीडशेहून जास्त माणसं गेली. चिखल मोठा फसवा. एका मर्यादेपर्यंत तो जमीन असतो, ती ओलांडली की नदी होतो. ही मर्यादा समीकरणात लिहिता येते, पण तिच्यातले आकडे लंडनमध्ये मिळत नाहीत. त्या उतारावर माती किती खोल आहे आणि तासाला पाऊस किती पडतो, हे डोंगरावर चढूनच मोजावं लागतं.

अर्ज मी करणार आहे, परदेशातही. इंग्लिस इथून तिकडे गेले, पाटणकरही गेले. शिकायला जाण्यात वावगं काही नाही. फक्त संशोधनाच्या विषयात आता उलटा धबधबा नसेल. तिथे सह्याद्रीचा उतार, पाऊस आणि चिखल असेल.