बोरघाटातील रिव्हर्सिंग स्टेशन

मुंबई–पुणे लोहमार्गावरील एक बंद झालेले स्थानक. ते खोपोलीच्या वरच्या अंगाला, खंडाळ्याच्या अलीकडे, रायगड व पुणे जिल्ह्यांच्या सीमेजवळ होते. 1863 ते 1929 या काळात घाट चढणाऱ्या व उतरणाऱ्या गाड्यांची दिशा येथे बदलली जाई.

इतिहास : ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मार्ग 1856 मध्ये खोपोलीपर्यंत पोहोचला आणि 1858 मध्ये खंडाळा ते पुणे हा टप्पा सुरू झाला. मधला घाट प्रवासी पालखीने, तट्टावरून किंवा बैलगाडीने ओलांडत. मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांच्या आराखड्याप्रमाणे घाटातील लोहमार्गाचे काम 1856 मध्येच सुरू झाले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल 1859 मध्ये भारतात आल्यावर थोड्याच दिवसांत मरण पावले. त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल यांनी कंत्राट स्वतःकडे घेऊन ते तडीस नेले. ऐन भरात 40,000 हून अधिक मजूर कामावर होते. पटकी, ताप व अपघात यांत हजारो दगावले. 21 एप्रिल 1863 रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते मार्गाचे उद्घाटन झाले. खोपोली मुख्य मार्गापासून बाजूला पडले व पळसदरीहून निघणाऱ्या फाट्याचे अखेरचे स्थानक झाले.

रचना : पळसदरी ते लोणावळा या सुमारे 25 किमी. अंतरात मार्ग 558 मी. चढतो. मूळ मार्गावर 25 बोगदे होते आणि सर्वांत तीव्र चढ 37 फुटांस 1 फूट होता. खंडाळ्याखालच्या अरुंद सोंडेवर गाडी वळवण्याइतकी जागा नव्हती. म्हणून मार्ग इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा दुमडण्यात आला. गाडी टोकाशी थांबे, इंजिन सुटून दुसऱ्या बाजूला जोडले जाई आणि गाडी उलट दिशेने पुढचा चढ चढू लागे.

अखेर : कल्याण–पुणे मार्गाच्या विद्युतीकरणाबरोबर 1929 मध्ये नवे बोगदे व नवी आखणी वापरात आली आणि स्थानकाची गरज संपली. 1 जून 1930 रोजी सुरू झालेली दख्खनची राणी ही गाडी नव्या मार्गानेच धावली. याच परिसरातील जुना ‘अमृतांजन पूल’ही एप्रिल 2020 मध्ये पाडण्यात आला.

घाटात मेलेल्या मजुरांची नावे इतिहासात आली नाहीत. त्यांच्या श्रमांची खूण म्हणून या स्थानकाचे उरलेले अवशेष जपले गेले पाहिजेत.