रडारची ऊर्जा नको तिकडे का सांडते? मायक्रोवेव्ह अँटेनावरची पीएचडी नेमकी काय शोधते?

ऑस्ट्रेलियात पार्क्स इथे 64 मीटर व्यासाची रेडिओ दुर्बीण आहे. 1998 पासूनच्या तिच्या नोंदींमध्ये अधूनमधून विचित्र सिग्नल सापडत होते. ते दिसायला अवकाशातून आल्यासारखे होते. शास्त्रज्ञांनी त्यांना 'पेरिटॉन' असं नावही दिलं. 2015 मध्ये त्याचा उलगडा झाला. सिग्नल येत होते आवारातल्याच मायक्रोवेव्ह ओव्हनमधून. ओव्हन बंद व्हायच्या आधीच कुणी दार उघडलं, की ओव्हनमधला मॅग्नेट्रॉन थांबता थांबता एक छोटा झटका बाहेर सोडायचा.

इथे दोन गोष्टी लक्षात घ्या. दुर्बिणीचं तोंड ओव्हनकडे नव्हतं, तरी तिने तो सिग्नल पकडला. आणि ओव्हन चालतो 2.4 गिगाहर्ट्झच्या आसपास, पण सिग्नल मिळाला 1.4 गिगाहर्ट्झवर. म्हणजे दिशा चुकीची आणि फ्रिक्वेन्सीही चुकीची. नको असलेलं उत्सर्जन म्हणतात ते हेच.

ओव्हनची ताकद साधारण 1,000 वॅट. मोठ्या रडारचा एक पल्स 10 लाख वॅटचा, म्हणजे 1 मेगावॅटचा असू शकतो. तिथे ही सांडलवंड कशी रोखायची, यावर जगभरात डॉक्टरेटचं संशोधन चालतं.

ऊर्जा बाजूला जातेच कशी?

अंधारात भिंतीवर बॅटरी मारून बघा. मधोमध लख्ख ठिपका दिसतो आणि त्याच्याभोवती फिकट कडी. अँटेनाचंही तसंच असतं. मधला ठिपका म्हणजे मुख्य झोत, आजूबाजूची कडी म्हणजे साइडलोब आणि पाठीमागे जाणारा भाग म्हणजे बॅकलोब.

बॅटरीतली कडी बऱ्याचदा आरशाच्या घडणीमुळे पडतात. अँटेनाचं कारण मात्र जास्त खोल आहे. कोणतीही डिश कुठेतरी संपते, तिला कडा असते. लाटा त्या कडेवरून वळतात आणि बाजूला पसरतात. त्यामुळे अगदी निर्दोष बनवलेल्या डिशलाही साइडलोब असतातच. गोल डिशवर सगळीकडे सारखी ऊर्जा पाडली, तर पहिल्या साइडलोबची तीव्रता मुख्य झोताच्या साधारण 57 व्या भागाइतकी येते. इंजिनिअरांच्या भाषेत हे उणे 17.6 डेसिबल.

एवढीशी ऊर्जा, मग काळजी कशाला?

समजा, रडार 1 मेगावॅटचं आहे, फ्रिक्वेन्सी 3 गिगाहर्ट्झ आणि डिश 3 मीटरची. ही डिश मुख्य झोताची तीव्रता साधारण 5,000 पट करते. आता एखादा साइडलोब मुख्य झोताच्या फक्त 1 टक्का असला, तरी त्या दिशेला तीव्रता किती? डिश न लावता सगळीकडे सारखी ऊर्जा सोडली असती, त्याच्या 50 पट!

याचे परिणाम तीन प्रकारचे. पहिला, आसपास काम करणारी माणसं आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणं यांच्यावर नको तेवढी ऊर्जा पडू शकते. दुसरा, शेजारच्या फ्रिक्वेन्सीवरच्या सेवांमध्ये अडथळा येतो. तिसरा परिणाम खुद्द रडारवर होतो. अँटेना ज्या दिशेला ऊर्जा सोडते, त्याच दिशेकडून ती सिग्नल घेतेही. त्यामुळे साइडलोबमधून आलेला डोंगराचा किंवा इमारतीचा प्रतिध्वनी समोरच आहे असं रडारला वाटू शकतं. विमानावर बसवलेल्या 'अवॅक्स' रडारला खाली पाहताना जमिनीचे प्रतिध्वनी गाळावे लागतात. म्हणून 1970 च्या दशकात त्यासाठी अत्यंत कमी साइडलोबची अँटेना मुद्दाम बनवली गेली.

आपल्याकडे नारायणगावजवळ खोडदच्या परिसरात जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या 30 डिश आहेत, प्रत्येकी 45 मीटर व्यासाची. अवकाशातून येणारे क्षीण सिग्नल ऐकणाऱ्या अशा दुर्बिणीला दूरच्या ट्रान्समीटरची 'किरकोळ' गळतीही त्रासदायक ठरते.

मग उपाय काय?

कडेला कमी ऊर्जा देणं. अँटेनाच्या मध्यभागी जास्त आणि कडेकडे कमी ऊर्जा दिली, की साइडलोब खाली येतात. 1946 मध्ये सी. एल. डॉल्फ यांनी रशियन गणिती चेबिशेव्ह यांच्या बहुपदी वापरून याचा हिशोब मांडला. साइडलोब ठरावीक पातळीच्या खाली हवे असतील, तर सगळ्यात अरुंद झोत कसा मिळवायचा, हे त्यातून कळतं. पण फुकट काही मिळत नाही. साइडलोब जितके दाबाल, तितका मुख्य झोत रुंद होतो.

खाचा पाडणं. धातूत पाव तरंगलांबीइतकी खोल खाच पाडली, की पृष्ठभागावरून सरकत जाणारी लाट तिथे अडते. ओव्हनच्या दारात हीच युक्ती असते. 2.45 गिगाहर्ट्झची तरंगलांबी सुमारे 12 सेंटीमीटर, म्हणून खाचेची खोली साधारण 3 सेंटीमीटर. डिशला ऊर्जा पुरवणाऱ्या भोंग्याच्या आतून अशा गोल खाचा पाडायची पद्धत 1960 च्या दशकात पुढे आली.

कडेने भिंत उभारणं. मोबाइल टॉवरवर ढोलासारख्या दिसणाऱ्या डिश तुम्ही पाहिल्या असतील. त्यांच्या कडेच्या भिंतीला आतून लाटा शोषणारं साहित्य लावलेलं असतं.

फिल्टर बसवणं. हा चुकीच्या फ्रिक्वेन्सीवरचा इलाज. मॅग्नेट्रॉनसारखा स्रोत मूळ फ्रिक्वेन्सीच्या दुप्पट, तिप्पट फ्रिक्वेन्सीवरही थोडी ऊर्जा सोडतो. तिला हार्मोनिक म्हणतात. ती अँटेनापर्यंत पोचायच्या आधीच वाटेत अडवावी लागते, कारण त्या फ्रिक्वेन्सीवर अँटेनाचा झोत कसा वागेल याचा भरवसा नसतो.

उपाय आहेत, मग पीएचडी कशासाठी?

कारण खरी अडचण ताकदीची आहे. कमी ताकदीवर चालणारे बरेच उपाय जास्त ताकदीवर उलटतात.

समुद्रसपाटीला कोरडी हवा दर सेंटीमीटरला साधारण 30,000 व्होल्टपर्यंत टिकाव धरते. त्यापुढे ठिणगी पडते. खाचेच्या टोकदार कडेवर विद्युतक्षेत्र एकवटतं, म्हणजे गळती थांबवायला पाडलेली खाचच ठिणगीची जागा ठरू शकते. शोषक साहित्य ऊर्जा गिळतं आणि तिची उष्णता करतं, म्हणजे टॉवरच्या डिशमध्ये बिनतक्रार चालणारा थर इथे जळू शकतो. फिल्टरमधल्या बारीक फटींचीही तीच गत. मध्यभागी जास्त ऊर्जा द्यायची, तर मधल्याच भागावर सगळा ताण येतो.

म्हणून संशोधकासमोर तिहेरी पेच असतो. गळती कमी करायची, झोत फार रुंद होऊ द्यायचा नाही आणि ठिणगीही पडू द्यायची नाही. मग कडा गोलसर करायच्या, खाचांचा आकार बदलायचा, बंद भागात हवेऐवजी सल्फर हेक्साफ्लोराइडसारखा ठिणगी रोखणारा वायू भरायचा किंवा निर्वात पोकळी ठेवायची. प्रत्येक बदलाची किंमत दुसरीकडे मोजावी लागते, आणि तो हिशोब मांडणं हाच प्रबंधाचा गाभा असतो.

हे तपासतात कसं?

आधी संगणकावर अँटेनाचं मॉडेल चालवतात. मग नमुना बनवून, भिंतींना कार्बनयुक्त फोमचे सुळके लावलेल्या खोलीत कमी ताकदीवर मोजणी होते. वरच्या उदाहरणातल्या 3 मीटरच्या डिशचा झोत नीट तयार व्हायला साधारण 180 मीटर अंतर लागतं. एवढी मोठी खोली परवडत नाही. त्यामुळे अँटेनाच्या जवळच मोजमाप घेऊन दूरचं चित्र गणिताने काढतात. शेवटी पूर्ण ताकदीवर चाचणी होते. डिझाइन ठिणगीविना टिकतं का, हे तिथेच ठरतं.

गळती शून्यावर आणणारी अँटेना या संशोधनातून मिळणार नाही, कारण कडा नसलेली अँटेना बनत नाही. उरलेली ऊर्जा कुठे गेली तर कमीत कमी नुकसान होईल, एवढं मात्र ठरवता येतं. रेडिओ फ्रिक्वेन्सीची गर्दी वाढत असताना तेवढंही कमी महत्त्वाचं नाही.