धाव आणि पकड

धुळ्याच्या आग्रा रोडवरच्या एखाद्या टायरच्या दुकानात अर्धा तास बसून पाहावे. गिऱ्हाईक येते, मोटारसायकल स्टँडवर लावते, मागच्या चाकाकडे बोट दाखवते. दुकानदार दोन-तीन टायर समोर आणून ठेवतो. मग पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘हाऊ टायर कितला दिन चाली, भाऊ?’ जळगावला हाच प्रश्न जरा वेगळ्या बोलीत विचारला जातो, एवढाच फरक. दुसरा प्रश्न किमतीचा. पण ओल्या रस्त्यावर अचानक ब्रेक दाबला तर हा टायर किती धरेल, हा प्रश्न मी तरी फार क्वचित ऐकला आहे.

यात गिऱ्हाइकाला अडाणी समजण्याचे कारण नाही. ‘किती दिवस चालेल’ या प्रश्नामागे आपल्या खानदेशाचा दीड-दोनशे वर्षांचा इतिहास उभा आहे. आज तोच थोडा उलगडून पाहू.

सुरुवात बैलगाडीपासून करावी लागते. लाकडी चाकावर लोखंडाची जी पट्टी बसवतात तिला आपण धाव म्हणतो. धाव बसवणे हा गावातला एक सोहळाच असे. लोहार पट्टीचे कडे चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान करी. गोवऱ्यांच्या जाळात ते लालभडक तापवले की पसरे. मग दोघे-तिघे सांडशीने धरून ते चाकावर चढवीत आणि वरून पाणी ओतीत. लोखंड थंड होताना आवळे आणि आरे, पाटे, तुंबा सगळे एकमेकांत घट्ट बसे. खानदेशच्या उन्हाळ्यात लाकूड सुकून आकसले की धाव सैल होई, म्हणून शेतकरी चाके नदीच्या पाण्यात भिजत ठेवी.

ही धाव वर्षानुवर्षे टिके. टिकाऊपणात तिला तोड नव्हती. पण पकड? खडकावरून ती घसरे आणि काळ्या मातीत अरुंद असल्यामुळे रुतून बसे. उतारावर तर गाडीवानाला चाकाला दोर बांधून किंवा मागे ओंडका ओढत न्यावा लागे. म्हणजे टिकाऊपणा लोखंडाचा आणि पकड बैलांच्या खुरांची, अशी ती वाटणी होती. बैल होता तोवर ती निभावली.

१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि खानदेश इंग्रजांकडे गेला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने धुळे हे ठाण्याचे गाव केले. पुढे मुंबई-आग्रा रस्ता धुळ्यावरून गेला. १८६० च्या दशकात रेल्वे जळगाव-भुसावळपर्यंत पोहोचली. त्याच सुमारास अमेरिकेत यादवी युद्ध (१८६१-६५) पेटल्याने तिकडचा कापूस बंद झाला आणि इंग्लंडच्या गिरण्यांना इकडचा कापूस हवासा झाला. शेतातून स्टेशनापर्यंत कापसाच्या गाड्यांची रांग लागू लागली. १९०० मध्ये चाळीसगाव-धुळे रेल्वे सुरू झाली, १९०६ मध्ये पूर्व आणि पश्चिम खानदेश असे दोन जिल्हे झाले. एवढे सगळे बदलले तरी गाडीचे चाक मात्र तेच राहिले. खडीचे रस्ते झाले तेव्हा हीच धाव ते कापून काढू लागली. चाक टिकत होते, रस्ता झिजत होता.

रबराची गोष्ट सातासमुद्रापलीकडे चालू होती. अमेरिकेत चार्ल्स गुडइयरला १८३९ मध्ये रबर गंधकाबरोबर तापवण्याची युक्ती सापडली. कच्चे रबर उन्हात चिकट होते आणि थंडीत ठिसूळ, हा दोष तिने गेला. रॉबर्ट थॉमसन या स्कॉटिश माणसाने १८४५ मध्ये हवेच्या टायरचे पेटंट घेतले, पण ते काळाच्या फार पुढे होते. १८८८ मध्ये जॉन बॉईड डनलॉप या बेलफास्टमधल्या गुरांच्या डॉक्टरने मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी हवेचा टायर केला आणि तो चालला. मधल्या काळात, १८७६ मध्ये, हेन्री विकहॅमने ब्राझीलमधून रबराच्या सुमारे सत्तर हजार बिया लंडनला नेल्या होत्या. त्यातून आशियातले रबराचे मळे उभे राहिले. आपल्या केरळातले मळेही त्याच वंशावळीतले.

सुरुवातीचे टायर काळे नव्हते, फिकट रंगाचे होते. ते लवकर झिजत. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत रबरात काजळी, म्हणजे कार्बन ब्लॅक, मिसळण्याची रीत रूढ झाली आणि टायरचे आयुष्य कित्येक पटींनी वाढले. आपल्या गाडीच्या टायरचा काळा रंग हा टिकाऊपणाचाच रंग आहे.

इथेच आपल्या विषयाची गाठ आहे. टायर रस्त्याला धरतो कसा? रस्ता वरून गुळगुळीत दिसला तरी बारीक खडबडीत असतो. मऊ रबर त्या खाचखळग्यांत दबून बसते, पुन्हा वर येते, आणि या दबण्या-उठण्यात थोडी शक्ती उष्णतेच्या रूपाने गमावते. त्या गमावण्यातूनच पकड मिळते. पण मऊ रबर घासलेही लवकर जाते. कडक रबर खाचांत नीट बसत नाही म्हणून कमी झिजते, आणि म्हणूनच कमी धरते. लोहाराची धाव हे या कडकपणाचे शेवटचे टोक. मोटारसायकलला तर दोनच चाके आणि प्रत्येक चाकाचा रस्त्याशी संबंध जेमतेम तळहाताएवढ्या जागेपुरता. इथे बैलाचे खूर मदतीला नाहीत. धावायचेही त्याच रबराने आणि थांबायचेही त्यानेच.

भारतात डनलॉपचा कारखाना १९३६ मध्ये बंगालमधल्या साहागंजला निघाला. मूळ इटलीची सिएट १९५८ मध्ये भारतात आली आणि मुंबईजवळ भांडुपला टायर बनवू लागली. मद्रासला १९४६ मध्ये फुगे बनवणाऱ्या एका छोट्या उद्योगाने १९५२ पासून जुन्या टायरवर चढवायचे रबर करायला घेतले. तीच आजची एमआरएफ. या कंपनीचा टायरशी पहिला संबंध नवा टायर विकण्याचा नव्हता, जुना टायर पुन्हा चालवण्याचा होता, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. देशाची गरजच तशी होती. मद्रासची बुलेट १९५५ पासून, म्हैसूरची जावा १९६१ पासून आणि पोलंडच्या गाडीवरून बेतलेली राजदूत साठच्या दशकात रस्त्यावर आली. दुचाकीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे थांबण्याचा तो काळ. गाडी मिळायला जिथे इतकी वाट, तिथे टायर म्हणजे जपून वापरायची चीज. घासला की रिमोल्ड करायचा, फाटला की आतून तुकडा लावायचा. अगदीच संपला की त्याच्या वहाणा होत आणि त्या पुन्हा दोन-तीन वर्षे शेतात चालत. बैलगाडीलाही रबरी चाके आली आणि ती टायरगाडी झाली. ‘कितला दिन चाली’ हा प्रश्न या काटकसरीत जन्मला आहे.

आमच्या घरात या काटकसरीची किंमत मोजली गेली, म्हणून मला हा विषय सुचला. माझे मामा धुळे तालुक्यातले. १९८६ साली त्यांच्याकडे राजदूत होती. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन अडकवून ते पहाटे शहरात येत. मागचा टायर रिमोल्ड केलेला, तोही वरची नक्षी जाऊन टक्कल पडलेला. ‘दसऱ्याला बदलू’ असे चालले होते. जूनच्या पहिल्या पावसात लळिंग घाटाच्या उतारावर पुढे ट्रक थांबला, मामांनी ब्रेक दाबला आणि गाडी आडवी झाली. पहिला पाऊस फसवा असतो. रस्त्यावर उन्हाळाभर साचलेले तेल आणि धूळ त्या पाण्यात कालवली जाते आणि तिचे वंगण होते. पाय दोन ठिकाणी मोडला. तो पुढे कधी सरळ झाला नाही आणि दुधाचा धंदा त्या दिवसापासून बंद झाला. मामा सांगत, ‘टायर वाचवला, पाय गेला.’

या दोघांच्या भांडणात पुढे तिसरा वाटेकरी आला. १९७३ नंतर पेट्रोल महागले आणि १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आल्यावर सगळ्या देशाच्या तोंडी एकच शब्द बसला, अ‍ॅव्हरेज. कमी पेट्रोलमध्ये जास्त पळायचे तर टायरने वाटेत शक्ती गमावता कामा नये. म्हणजे टायर अरुंद हवा आणि रबर कमी दबणारे हवे. पण आताच आपण पाहिले की पकड मिळते ती गमावण्यातूनच. टायर बनवणारे याला त्रिकोण म्हणतात. पकड, आयुष्य आणि अ‍ॅव्हरेज ही त्याची तीन टोके. एक ओढले की बाकीची आखडतात. सिलिका मिसळलेल्या नव्या रबराने हा त्रिकोण थोडा मोठा झाला. मध्ये कडक आणि कडांना मऊ असे दुहेरी रबराचे टायरही आले. पण त्रिकोण मोडलेला नाही.

जगात याच्या अगदी उलट निवड करणारेही आहेत. आयल ऑफ मॅनच्या शर्यतीत १९६९ मध्ये माल्कम अपहिलने ट्रायम्फ गाडीवर ताशी शंभर मैलांहून अधिक सरासरीने फेरी मारली. त्या दिवशीच्या डनलॉप टायरचे नावच पुढे टीटी १०० पडले. शर्यतीचा टायर एका शर्यतीपुरता टिकला तरी चालते. तिथे मालकाला वळण हवे असते, वर्षे नकोत. आपल्याला हे परवडणारे नाही आणि त्याची गरजही नाही. पण मधली वाट शोधता येते.

ती शोधताना खानदेशाचा स्वभाव लक्षात घ्यावा. भुसावळ-जळगावचा पारा उन्हाळ्यात ४५ अंशांच्या वर जातो. उन्हाने आणि वयाने रबर कडक होते, म्हणून नक्षी शाबूत असलेला जुना टायरही घसरतो. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात, उदाहरणार्थ २३२१. याचा अर्थ २०२१ सालचा तेविसावा आठवडा. दुकानात वर्षानुवर्षे पडून राहिलेला टायर ‘नवा’ म्हणून घेऊ नये. खाचांचे काम पाणी बाहेर काढण्याचे. कोरड्या डांबरावर त्यांनी पकड वाढत नाही, पावसात मात्र जीव त्यांच्यावर असतो. खाचांच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात. वरचे रबर झिजून त्यांच्या पातळीला आले की टायर संपला, मग तो दिसायला कसाही असो. कपाशीच्या शेतातून ट्रॅक्टर निघाला की काळी चिकण माती डांबरावर येते आणि बारीक खाचा बुजून जातात. रोज शेतरस्त्याने जाणाऱ्याला मोठ्या गट्ट्यांचा टायर बरा. चाळीसगावहून कन्नडचा औट्रम घाट चढणाऱ्या-उतरणाऱ्याला किंवा धुळ्याहून सुरत-नागपूर महामार्ग धरणाऱ्याला ओल्या डांबरावर धरणारा टायर हवा.

आणखी एक सवय सोडण्यासारखी आहे. मागचा टायर आधी झिजतो म्हणून आपण तो बदलतो आणि पुढचा वर्षानुवर्षे तसाच ठेवतो. ब्रेक दाबल्यावर गाडीचा भार पुढे येतो आणि थांबवण्याचे मोठे काम पुढचे चाक करते. १२५ सीसीवरच्या नव्या दुचाकींना २०१९ पासून एबीएस सक्तीचे झाले, ही चांगली गोष्ट. पण एबीएस चाक अडकू देत नाही एवढेच. जी पकड टायरमध्ये नाही ती ते कुठून आणणार?

हिशेब काटकसरीनेच करायचा तर तोही करू. मऊ टायर कडक टायरपेक्षा काही महिने आधी संपला तर तो तोटा त्या महिन्यांवर वाटून पाहावा. दिवसाला चहाच्या एका कपाएवढाही तो बहुधा भरणार नाही. दुसऱ्या बाजूला प्लास्टर, बंद पडलेला धंदा आणि घरच्यांची धावपळ मांडावी.

गेल्या उन्हाळ्यात मामांच्या नातवाला मोटारसायकलचा टायर घ्यायचा होता. मामा काठी टेकत दुकानात आले. मुलाने सवयीने विचारले, किती दिवस चालेल? मामांनी दुकानदाराला थांबवले, खाली वाकून रबरात अंगठ्याचे नख दाबले, बाजूचे चार आकडे चष्म्याजवळ नेऊन वाचले. मग म्हणाले, ‘आधी पावसात कसा धरतो ते विचार. दिवस मग मोजू.’