तोळामाशाचा स्वयंपाक

लग्नाच्या पंगतीत जिलबीचे ताट पुढे आले की हल्ली एखादा तरी तरुण पानावर हात आडवा धरतो आणि ‘मी कीटोवर आहे’ म्हणून सांगतो. वाढपी गोंधळतो, शेजारची मंडळी हसतात आणि ताट पुढे सरकते. वजन उतरवण्याची नवी टूम म्हणून हा शब्द आपल्याकडे पोचला, आणि टूम म्हणून त्याची जी थट्टा व्हायची ती खुशाल होवो. परंतु ज्या पथ्याचे हे अर्धवट नाव आहे ते केटोजेनिक पथ्य शंभर वर्षांहून जुने आहे. ते जन्माला आले ते लठ्ठ माणसांसाठी नव्हे, तर फिट्स येणाऱ्या लहान मुलांसाठी. त्याचे सूत्र डॉक्टरांनी चारपाच वर्षांत बांधले. ते मुलांच्या गळी उतरवण्याचे काम मात्र पुढे शंभर वर्षे स्वयंपाकघरांनी केले. इतिहासात पहिल्यांची नावे लागतात, दुसऱ्यांची सहसा लागत नाहीत. म्हणून ही हकीकत जरा चुलीच्या बाजूने सांगावीशी वाटते.

जेवणातून पीठ आणि साखर काढून टाकण्याचा विचार मुळात मधुमेहाच्या उपचारांतला. १७९७ साली जॉन रोलो या ब्रिटिश लष्करी वैद्याने मेरेडिथ नावाच्या एका कॅप्टनला दिलेला आहार लिहून ठेवला आहे. सकाळी चुन्याची निवळी घातलेले दूध, दुपारी रक्त आणि चरबी यांचे सांडगे म्हणावेत असे गोळे, आणि रात्री पोटाला सोसेल इतपत शिळे, खवट मांस. रोगापेक्षा पथ्य जबर! पुढे १८६३ मध्ये लंडनच्या विल्यम बँटिंग नावाच्या, प्रेतयात्रांची व्यवस्था करणाऱ्या गृहस्थाने पाव, साखर, बिअर आणि बटाटे सोडून आपण कसे बारीक झालो याची पुस्तिका छापली आणि ती अतोनात खपली. (इन्सुलिनचा शोध लावणारा बँटिंग तो वेगळा. विद्यार्थी हा घोटाळा नेहमी करतात.)

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अमेरिकेत फ्रेडरिक अॅलन याने मधुमेह्यांना जवळजवळ उपाशी ठेवण्याची पद्धत रूढ केली. त्या पद्धतीवर हिल आणि एकमन या दोघांनी बोस्टनमध्ये १९१५ साली एक लहानसे पुस्तक काढले. त्यातला एकमन हा भाग रीना एकमन या आहारतज्ज्ञ बाईंचा. त्यात रोग्यांच्या जेवणाची कोष्टके आहेत आणि चक्क पाककृतीही आहेत. त्या काळची खास कृती म्हणजे तीनदा उकडलेली भाजी. कोबी किंवा पालक उकडायचा, पाणी फेकायचे, पुन्हा उकडायचा, पुन्हा पाणी फेकायचे. तिसऱ्यांदा जे उरेल त्यात पिष्टाचा अंश जवळपास राहत नसे, आणि चवही. तशीच गव्हाच्या कोंड्याची बिस्किटे. कोंडा वाहत्या पाण्यात धूत राहायचा, पाणी निवळशंख येईपर्यंत. पोट भरल्याचा भास व्हावा, एवढाच त्या खटाटोपाचा हेतू. १९२२ मध्ये इन्सुलिन आले आणि हे हाल संपले. पण ग्रॅमावारी मोजून रांधण्याची विद्या इस्पितळांच्या स्वयंपाकघरांत शिल्लक राहिली, आणि तीच अपस्माराच्या मुलांच्या कामी आली.

अपस्मार, आकडी, फेफरे, मिरगी: नावे पुष्कळ आणि त्यांच्याभोवतीची भीती त्याहून पुष्कळ. आमच्या भागात अजूनही आकडी आलेल्या मुलाच्या नाकाशी चप्पल किंवा कांदा धरणारी माणसे भेटतात. शाळेच्या मैदानावर हा प्रकार मी एकाहून अधिक वेळा थांबवला आहे. मुलाला कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये, घड्याळ पाहावे आणि पाच मिनिटांत झटका थांबला नाही तर दवाखाना गाठावा. असो. या रोगात उपवासाने उतार पडतो हे निरीक्षण फार जुने, हिप्पोक्रेटिसच्या नावावरील ग्रीक ग्रंथांतही त्याचे उदाहरण सापडते. १९११ साली पॅरिसमध्ये ग्वेल्पा आणि मारी यांनी ते आधुनिक वैद्यकात पहिल्यांदा नोंदवले.

अमेरिकेत हा उपाय लोकप्रिय केला तो ह्यू कॉन्क्लिन याने. हा रीतसर डॉक्टर नव्हे, हाडे-सांधे दाबून उपचार करणारा ऑस्टिओपॅथ. गाव मिशिगन राज्यातले बॅटल क्रीक. जगाला सकाळी सकाळी कॉर्नफ्लेक्स खायला लावणारे केलॉग बंधू याच गावचे, हा योगायोग मला मोठा मौजेचा वाटतो. एकाच गावातून एक जण जगाला मक्याचे पोहे विकत होता आणि दुसरा मुलांना अठरा-अठरा, पंचवीस-पंचवीस दिवस नुसत्या पाण्यावर ठेवत होता. कॉन्क्लिनची उपपत्ती चुकीची होती. आतड्यांत विष तयार होऊन ते डोक्यात जाते, असे तो मानी. पण त्याची मुले बरी होत होती, आणि १९२१ मध्ये न्यूयॉर्कच्या गेलिन या डॉक्टरने वैद्यक परिषदेपुढे तसे सांगितल्यावर जाणत्या मंडळींना लक्ष द्यावेच लागले.

अडचण उघड होती. उपास संपून मूल जेवू लागले की झटके परत येत, आणि जन्मभर उपाशी कोणाला ठेवता येत नाही. १९२१ सालीच मिनेसोटातील रोचेस्टरच्या मेयो क्लिनिकमध्ये रसेल वाइल्डर याने यातून वाट काढली. वाइल्डर मूळचा मधुमेहाचा अभ्यासक. उपाशी शरीर चरबी जाळते आणि यकृतात त्या चरबीपासून कीटोन नावाची द्रव्ये बनतात, हे त्याला ठाऊक होते. मग उपास न घडवता, भरपूर चरबी खायला घालून आणि पीठ-साखर तोडून तीच द्रव्ये रक्तात आणली तर? या आहाराला त्याने ‘केटोजेनिक’ म्हणजे कीटोन उत्पन्न करणारा असे नाव दिले. उपाशीपणी मेंदू खरोखरच कीटोनवर चालतो याचा पुरावा १९६७ मध्ये जॉर्ज काहिल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दिला. झटके नेमके का थांबतात याचे पूर्ण उत्तर मात्र अद्याप कोणाकडेच नाही.

वाइल्डरचा सहकारी पीटरमन याने १९२४-२५ मध्ये प्रमाण ठरवले. मुलाच्या वजनाच्या दर किलोला एक ग्रॅम प्रथिने, दिवसभरात दहा ते पंधरा ग्रॅम पिष्टमय पदार्थ, उरलेली सारी भूक स्निग्ध पदार्थांवर. पंधरा किलोच्या मुलाचा हिशेब मांडला तर पंधरा ग्रॅम प्रथिने, बारा ग्रॅम पिष्ट आणि शंभर ग्रॅमांहून थोडी अधिक चरबी होते. शंभर ग्रॅम चरबी म्हणजे सुमारे सात मोठे चमचे तूप, तेही रोज, आणि त्यासोबत पोळी नाही, भात नाही, साखर नाही. इतर दोन्ही घटकांच्या चौपट स्निग्धांश, म्हणून याला चारास एक असे म्हणतात. उष्मांकांत मोजले तर शंभरातले नव्वद भाग चरबीचे.

सूत्र झाले. आता हे चार वर्षांच्या मुलाला भरवणार कसे? येथून पुढे गोष्ट आहारतज्ज्ञ बायकांच्या आणि आयांच्या हाती जाते. अमेरिकन स्वयंपाकघराने पहिला आधार घेतला तो दाट सायीचा, म्हणजे क्रीमचा. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स इस्पितळात मुलाला पहिल्या दिवसांत जे ‘एगनॉग’ देत त्याची कृती पाहण्यासारखी आहे. साठ ग्रॅम क्रीम, पंचवीस ग्रॅम फेटलेले अंडे, थोडा व्हॅनिला आणि चवीला सॅकरीन. गणित करून पाहिले तर स्निग्धांश साडेचोवीस ग्रॅमांच्या आसपास आणि बाकीचे सारे मिळून सहा. म्हणजे चारास एक, जवळपास तंतोतंत! आणि याच मिश्रणाची तीन रूपे होत. मुलाला प्यायचे तर पेय, गोठवले तर आइस्क्रीम, तव्यावर घातले तर भुर्जी. एका सूत्राला तीन वेश चढवणारी ती अनाम सुगरण मला पीटरमनपेक्षा तसूभरही कमी वाटत नाही. जेवताना लेट्यूसच्या एका पानात लोणी किंवा मेयोनेज गुंडाळून द्यायचे, आणि वाटीला लागलेले क्रीम रबरी पळीने निपटून पोटात घालायचे, कारण वाटीत राहिलेला स्निग्धांश हिशेबातून वजा झालेला नसतो. खोकल्याचे गोड औषधसुद्धा या हिशेबात धरावे लागते. शेजारच्या काकूंनी प्रेमाने दिलेले एक बिस्किट कित्येक दिवसांच्या मेहनतीवर पाणी फिरवू शकते.

१९३८ मध्ये मेरिट आणि पटनम यांनी फेनिटॉइन हे औषध पुढे आणले आणि पथ्याचे दिवस फिरले. गोळी गिळणे सोपे, क्रीम तोलणे कठीण. पुढची पन्नास वर्षे हे ज्ञान थोड्याच ठिकाणी टिकून राहिले. हॉपकिन्समध्ये सॅम्युअल लिव्हिंग्स्टन, नंतर जॉन फ्रीमन, आणि या दोघांच्याही काळात तागडी सांभाळणाऱ्या आहारतज्ज्ञ मिलिसेंट केली. १९७१ मध्ये हटेनलोकर याने एक नवी युक्ती काढली. खोबरेलापासून वेगळे काढलेले एक तेल, ज्याला एमसीटी म्हणतात, ते शरीरात लवकर कीटोन बनवते. त्यामुळे ताटात थोडी भाजी-फळे जास्त बसू लागली. पोट बिघडे, ती गोष्ट निराळी.

पथ्याला पुन्हा उजेडात आणले ते एका बापाने. हॉलिवुडचा दिग्दर्शक जिम अब्राहम्स याच्या चार्ली या मुलाला १९९३ मध्ये, वर्षाचा होत असताना झटके सुरू झाले. औषधे झाली, मेंदूची शस्त्रक्रिया झाली, झटके थांबेनात. बापाने स्वतः ग्रंथालयात बसून वाचायला सुरुवात केली तेव्हा त्याला या पथ्याचा पत्ता लागला. तो मुलाला घेऊन हॉपकिन्सला गेला आणि काही दिवसांत झटके थांबले. हा उपाय आपल्याला आधी कोणी सांगितलाच नाही याचा संताप त्याने कामी लावला. १९९४ मध्ये मुलाच्या नावे संस्था काढली, १९९७ मध्ये मेरिल स्ट्रीपला घेऊन या विषयावर चित्रपट केला. १९९४ मध्येच फ्रीमन आणि केली यांचे पुस्तक निघाले. ते पालकांसाठी होते आणि त्यात वैद्यकाच्या जोडीला जेवणाची कोष्टके होती, म्हणजे एकमनबाईंच्या जुन्या वळणावर गाडी पुन्हा आली. ‘हे सारे ऐकीव आहे’ म्हणणाऱ्यांना उत्तर २००८ साली मिळाले. लंडनला १४५ मुलांवर रीतसर चाचणी झाली. तीन महिन्यांनी पथ्यावरच्या मुलांपैकी ३८ टक्के मुलांचे झटके निम्म्याहून कमी झाले होते. पथ्य न करणाऱ्यांत हे प्रमाण ६ टक्के होते.

आपल्याकडे मुंबईत डॉ. जनक नाथन यांनी १९९० च्या दशकात भारतीय जेवणाला धरून हे पथ्य देण्यास सुरुवात केली. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने जरा सैल केलेले रूप वापरले. त्यात प्रथिनांना तोल नाही, पिष्ट मात्र दिवसाला दहा ग्रॅम. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत १०२ मुले होती. पथ्यावरच्या ५२ टक्के मुलांचे झटके निम्म्याहून कमी झाले, इतरांत साडेअकरा टक्क्यांचे. आता दहा ग्रॅम म्हणजे किती? तीस ग्रॅम कणकेच्या एका फुलक्यात वीस-बावीस ग्रॅम पिष्ट असते. अर्ध्या फुलक्यात दिवस संपला! ज्या घरात जेवण म्हणजेच भाकरी, तेथे आईने पोराच्या ताटात काय वाढावे?

उत्तर आपल्याच फडताळात होते, असे माझे मत आहे. ओल्या नारळाचे पाहा. शंभर ग्रॅम खोबऱ्यात तेहतीस ग्रॅम स्निग्धांश, आणि चोथा वगळला तर पिष्ट व प्रथिने मिळून नऊ-दहा ग्रॅम; निसर्गानेच साडेतीनास एक असे तोलून ठेवलेले. म्हणून नारळाच्या दाट दुधात कोकम घातलेली सोलकढी या मुलांना चालते, साखर तेवढी घालायची नाही. पनीरमध्ये स्निग्धांश आणि प्रथिने जवळजवळ सारखी, तेव्हा ते तुपात परतून वर आणखी तूप सोडायचे. फ्लॉवर किसून तुपावर वाफवला की भाताचा भास होतो; जिरे-कढीपत्त्याची फोडणी दिली तर मोठ्यांनाही आवडतो. आमच्या उत्तर कर्नाटकाला लागून असलेल्या भागात जवसाची चटणी घरोघर. जवसाच्या पिठात पिष्ट नगण्य. त्यात इसबगोल मिसळून कोमट पाण्याने मळले की गोळा धरतो आणि हलक्या हाताने थापला की भाकरी साधते. ती तुटते, करपते, पहिल्या चारदोन तर टाकूनच द्याव्या लागतात. पण मुलाच्या हाती भाकरी आली, भावंडांसारखा तुकडा मोडून खाता आला, याची किंमत तराजूत येत नाही. दूध तापवून जमवलेली साय गोठवली की कुल्फी. अंडे-मासळी चालणाऱ्या घरांची वाट बरीच सोपी, शाकाहारी घरांची अवघड.

आणि मग दिवाळी येते. चकली तांदळाची, लाडू बेसनाचा, करंजीची पारी मैद्याची, पाहुण्यांनी आणलेला बेळगावी कुंदा साखरेचा. फराळाच्या ताटाभोवती बसलेल्या मुलांत एकाला ‘तू नको’ म्हणायचे, हे कोणत्याही कोष्टकात लिहिलेले नाही. यावर खोबऱ्याचा कीस तुपात परतून, वेलदोडा आणि डॉक्टरांनी मान्य केलेला गोडवा घालून त्याच्या वड्या पाडता येतात. प्रत्येक वडी तोलायची आणि वजन वहीत मांडायचे.

हे सारे घरच्या घरी सुरू करण्याचे काम नव्हे. चरबी पचवण्याचे काही जन्मजात दोष असलेल्या मुलांना हे पथ्य जिवावर बेतू शकते, म्हणून आधी तपासण्या होतात. बद्धकोष्ठ, मूतखडा, उंची मंदावणे हे त्रास होतात. त्यासाठी दर काही महिन्यांनी रक्त-लघवी पाहतात. याउलट, साखर मेंदूपर्यंत पोचवणारे द्वारच अधू असलेली काही मुले जन्मतात. त्यांच्यासाठी हे पथ्य हाच पहिला उपचार होय.

गुण आला तर साधारण दोन वर्षे पथ्य चालते. मग एकदम सोडत नाहीत. चारास एकवरून तीनास एक, तीनावरून दोनास एक, असे काही महिन्यांच्या अंतराने उतरवतात, आणि दर पायरीला झटके येतात का पाहतात. शेवटच्या पायऱ्यांवर कधीतरी ताटात अर्धा फुलका येतो. तोही त्या दिवशी तोलूनच वाढतात.