पदवीवर गाव कोणते?

ग्वाल्हेरच्या विद्यापीठाला महाराज जिवाजीराव शिंद्यांचे नाव आहे. त्यामुळे ते त्यांनीच काढले असणार, असा समज सहज होतो. तारखा मात्र तो समज टिकू देत नाहीत. जिवाजीराव १६ जुलै १९६१ रोजी वारले. विद्यापीठ आपल्या परिचयात जन्माचा आधार म्हणून १९६३ सालच्या १५ क्रमांकाच्या अध्यादेशाकडे बोट दाखवते आणि स्थापनेचा दिवस २३ मे १९६४ असा देते. म्हणजे ज्यांचे नाव दिले ते अध्यादेश निघाला तेव्हा हयात नव्हते आणि त्यांचे संस्थान तर १९४८ सालीच मध्य भारतात विलीन झाले होते. मग हे विद्यापीठ कोणी उभारले आणि कशासाठी?

याचे उत्तर स्मरणिकांतल्या गौरवलेखांपेक्षा तीन रुक्ष साधनांत जास्त सापडते: कायदे, महाविद्यालयांच्या संलग्नतेचा इतिहास आणि कोनशिलांच्या तारखा. यांतले एकही साधन एकटे पुरेसे बोलत नाही. शेजारी शेजारी ठेवली की बोलतात.

सुरुवात संलग्नतेपासून करू. समजा, ग्वाल्हेरात थाटीपूरच्या दर्पण कॉलनीतल्या एखाद्या मराठी घरात तीन पिढ्यांची पदवीपत्रे एकाच फायलीत आहेत आणि तिघेही ग्वाल्हेरच्याच कॉलेजात शिकलेले आहेत. १९५० साली बी. ए. झालेल्या आजोबांच्या कागदावर आग्रा विद्यापीठ असणार. १९६० साली पदवी घेतलेल्या काकांच्या कागदावर उज्जैनचे विक्रम विद्यापीठ. १९७५ सालच्या आत्याच्या कागदावर मात्र जिवाजी विद्यापीठ, ग्वाल्हेर. तिघांपैकी कोणी शिकायला गाव सोडले नाही, पण शिक्के तीन. शहराच्या उच्च शिक्षणाचा इतिहास या शिक्क्यांच्या क्रमात आहे.

ग्वाल्हेरात आधी कॉलेज आले आणि विद्यापीठ फार उशिरा. १८४६ साली शहराच्या लष्कर भागात एक मदरसा सुरू झाला. जयाजीराव शिंदे तेव्हा अल्पवयीन होते आणि कारभार रीजन्सी कौन्सिल पाहत होते. पुढे व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीच्या सुवर्णमहोत्सवाच्या काळात या शाळेचे व्हिक्टोरिया कॉलेज झाले आणि १८९९ साली लॉर्ड कर्झनच्या हस्ते त्याच्या देखण्या इमारतीचे उद्घाटन झाले. इमारत, शिक्षक, विद्यार्थी आणि खर्च संस्थानचा, पण परीक्षा घेऊन पदवी देण्याचा अधिकार संस्थानाकडे नव्हता. तो ब्रिटिश हद्दीतल्या विद्यापीठांकडे होता. १८५७ साली निघालेली कलकत्ता, मुंबई आणि मद्रास ही विद्यापीठे लंडन विद्यापीठाच्या धर्तीवरची होती. शिकवणे कॉलेजांनी करायचे, प्रश्नपत्रिका, निकाल आणि पदवी विद्यापीठाची. १८८७ साली अलाहाबाद विद्यापीठ झाले आणि मध्य भारतातल्या कॉलेजांना जवळचे दार मिळाले. १९२१ च्या कायद्याने अलाहाबाद विद्यापीठ स्वतः शिकवणारे झाले. बाहेरच्या कॉलेजांची सोय लावणे भाग पडले, तेव्हा १ जुलै १९२७ रोजी आग्रा विद्यापीठ जन्मले. राजपुताना, मध्य भारत आणि ग्वाल्हेर यांची कॉलेजे त्याच्याकडे गेली.

आग्र्याचा पसारा केवढा होता, हे दोन माणसांवरून कळते. गजानन माधव मुक्तिबोध ग्वाल्हेर संस्थानातल्या श्योपूरला १९१७ साली मराठी घरात जन्मले. पुढे हिंदी कवितेत मोठे झालेले हे कवी १९३८ साली इंदूरच्या होळकर कॉलेजातून बी. ए. झाले, तेव्हा ते कॉलेज आग्रा विद्यापीठाचे होते. अटलबिहारी वाजपेयी ग्वाल्हेरच्या व्हिक्टोरिया कॉलेजातून पदवीधर होऊन एम. ए. साठी कानपूरच्या डी. ए. व्ही. कॉलेजात गेले. तेही आग्रा विद्यापीठाचेच. विद्यार्थ्याने प्रांत ओलांडला तरी विद्यापीठ तेच राहिले. इंदूर, ग्वाल्हेर आणि कानपूर यांना बांधणारा हा धागा शिक्षणाचा कमी आणि परीक्षेचा जास्त होता.

२८ मे १९४८ रोजी मध्य भारत राज्याचे उद्घाटन झाले. जिवाजीराव राजप्रमुख झाले. राजधानीची विभागणी झाली: हिवाळ्यात ग्वाल्हेर, उन्हाळ्यात इंदूर. ग्वाल्हेरच्या मोती महालात विधानसभा भरू लागली. राज्याला स्वतःचे विद्यापीठ हवे, हे ओघाने आलेच. पण ते दोन राजधान्यांपैकी एकीतही झाले नाही. ते उज्जैनला, शिंद्यांच्या जुन्या मुलखात, विक्रमादित्याच्या नावाने झाले आणि सुरू झाले १ मार्च १९५७ रोजी. तोपर्यंत ज्या राज्यासाठी त्याची कल्पना निघाली ते राज्यच उरले नव्हते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मध्य भारत नव्या मध्य प्रदेशात विरला होता.

ग्वाल्हेरसाठी या बदलाचा अर्थ नकाशावर मोजता येतो. आग्रा सुमारे सव्वाशे किलोमीटरवर, उज्जैन सुमारे साडेचारशे किलोमीटरवर. पदवी परक्या राज्यातून आपल्या राज्यात आली, पण अंतर तिपटीहून अधिक वाढले. त्याच वेळी राजधानी भोपाळला गेली. ग्वाल्हेरच्या वाट्याला महसूल मंडळ, महालेखापालांचे कार्यालय आणि उच्च न्यायालयाचे खंडपीठ अशी शासकीय ठिकाणे आली. ज्या शहरात काल विधानसभा भरत होती त्या शहरात आता अपिले आणि हिशेब राहिले.

१९६३ चा अध्यादेश या पार्श्वभूमीवर वाचला पाहिजे. तेव्हा मध्य प्रदेशचे राज्यपाल होते हरि विनायक पाटसकर. मराठी वाचकाला ते हिंदू वारसा कायदा संसदेत पुढे नेणारे मंत्री म्हणून आठवतील. पुढे ते पुणे विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. घटनेच्या २१३ व्या कलमाप्रमाणे विधानसभेचे अधिवेशन नसताना राज्यपाल अध्यादेश काढतात, पण तो मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने. विधानसभा पुन्हा भरल्यावर सहा आठवड्यांत त्याचा कायदा झाला नाही तर तो संपतो. म्हणून अध्यादेश हा पायाचा पहिला दगड असला तरी इमारत त्यावर कायमची उभी राहू शकत नाही. शिवाय १९६४ साली मध्य प्रदेशात एकट्या ग्वाल्हेरला विद्यापीठ मिळाले नाही. त्याच वर्षी इंदूर आणि रायपूर यांनाही मिळाले. इंदूरच्या विद्यापीठाला सुरुवातीला शहराचेच नाव होते, अहिल्यादेवींचे नाव १९८८ साली आले. रायपूरच्या विद्यापीठाला नव्या राज्याचे पहिले मुख्यमंत्री रविशंकर शुक्ल यांचे नाव मिळाले. ग्वाल्हेरला दिवंगत राजप्रमुखांचे. एक शहर, एक मुख्यमंत्री, एक महाराज. नावे तीन तऱ्हेची, पण तिन्ही विद्यापीठे एकाच सरकारने एकाच वर्षी उभारली. ग्वाल्हेर आणि रायपूर यांसारख्या मोठ्या राज्याच्या टोकांना असलेल्या कॉलेजांना दूरच्या विद्यापीठातून सोडवायचे होते. राजाची देणगी नावात आहे, जन्म मात्र सरकारच्या कागदावर झाला.

हीच हालचाल त्याच सुमारास आफ्रिकेत चालू होती आणि एका ठिकाणी तारखा थक्क करण्याइतक्या जवळ येतात. नैरोबीचे रॉयल कॉलेज लंडन विद्यापीठाच्या पदव्यांसाठी विद्यार्थी तयार करत असे. १९६३ साली केनिया, युगांडा आणि टांगानिका यांचे मिळून पूर्व आफ्रिका विद्यापीठ झाले. २० मे १९६४ रोजी रॉयल कॉलेजचे नाव युनिव्हर्सिटी कॉलेज, नैरोबी असे झाले. आता तिथला विद्यार्थी लंडनऐवजी पूर्व आफ्रिकेचीच पदवी घेणार होता. ग्वाल्हेरचे विद्यापीठ त्यानंतर तीन दिवसांनी स्थापन झाले. या दोन घटनांत कार्यकारणाचा संबंध नाही, पण मागे उभे असलेले कोडे एकच आहे. लंडनचा नमुना १८५७ साली कलकत्त्याला आला आणि दुसऱ्या महायुद्धानंतर आफ्रिकेत गेला. दोन्हीकडे स्वतंत्र राज्यांना आपली पदवी आपल्या गावात हवी होती. पूर्व आफ्रिकेचे समाईक विद्यापीठही टिकले नाही. १९७० साली त्यातून नैरोबी, मकेरेरे आणि दार-एस-सलाम अशी तीन राष्ट्रीय विद्यापीठे वेगळी झाली. समाईक विद्यापीठ सदस्यांना पुरेनासे झाले की फुटते, हा नियम आग्र्यालाही लागला होता आणि उज्जैनलाही.

नैरोबी आणि ग्वाल्हेर यांना जोडणारा एक माणूसही आहे. पूर्व आफ्रिकेतल्या भारतीय लोकांनी गांधींच्या स्मारकासाठी जमवलेला निधी नैरोबीच्या त्या कॉलेजात लागला होता आणि तिथल्या गांधींच्या पुतळ्याचे अनावरण १९५६ च्या जुलैत भारताचे तेव्हाचे उपराष्ट्रपती सर्वपल्ली राधाकृष्णन यांनी केले होते. तेच राधाकृष्णन राष्ट्रपती म्हणून ११ डिसेंबर १९६४ रोजी ग्वाल्हेरला आले. नौलखा परेड ग्राउंडच्या २२५ एकर जमिनीवर त्यांनी जिवाजी विद्यापीठाची कोनशिला बसवली. या तारखेला दुसरा साक्षीदार मिळतो. ग्वाल्हेरच्या माधव अभियांत्रिकी संस्थेच्या इतिहासात मुख्य इमारतीचे उद्घाटन राधाकृष्णन यांनीच, आणि त्याच ११ डिसेंबर १९६४ रोजी, केल्याची नोंद आहे. त्या संस्थेची कोनशिला राजेंद्रप्रसादांनी २० ऑक्टोबर १९५६ रोजी, म्हणजे मध्य भारत राज्याच्या अखेरच्या पंधरवड्यात, बसवली होती. दोन वेगळ्या संस्थांच्या नोंदी एकमेकींशी जुळतात, तेव्हा तारखेवर विश्वास ठेवायला हरकत नाही.

राधाकृष्णन यांच्या हातून ही कोनशिला बसणे हा शिष्टाचाराचा भाग होता, पण त्यात एक पेचही होता. १९४८-४९ च्या विद्यापीठ शिक्षण आयोगाचे ते अध्यक्ष होते. विद्यापीठांनी केवळ कॉलेजे जोडून घेऊन परीक्षा घेत बसू नये, स्वतः शिकवावे आणि संशोधन करावे, असा त्या आयोगाचा आग्रह होता. ग्वाल्हेरचे विद्यापीठ मात्र आधी संलग्नतेचेच होते. त्याची कॉलेजे त्याच्याहून वयाने कितीतरी मोठी होती. व्हिक्टोरिया कॉलेज १९५७ साली, १८५७ च्या उठावाच्या शताब्दीला, महाराणी लक्ष्मीबाई कॉलेज झाले होते. जिवाजीरावांच्या बहिणीचे नाव असलेले कमलाराजा कन्या महाविद्यालय आणि मातोश्रींच्या नावाचे गजराराजा वैद्यकीय महाविद्यालयही आधीपासून चालू होते. नौलख्याच्या आवारात विद्यापीठाच्या स्वतःच्या अध्ययनशाळा त्यानंतर उभ्या राहिल्या. जिवाजी विद्यापीठाला सुरुवातीपासून दोन कामे करावी लागली. एक, चंबळ खोऱ्यातल्या भिंड, मुरैना, श्योपूरपासून शिवपुरी, गुण्यापर्यंतच्या कॉलेजांच्या परीक्षा घेणे. दुसरे, स्वतः शिकवणारी संस्था होणे. पहिले काम मोठ्या संख्येचे आणि दैनंदिन निकडीचे. दुसरे काम आयोगाच्या अपेक्षेतले. १९७३ च्या मध्य प्रदेश विश्वविद्यालय अधिनियमाने राज्यातली विद्यापीठे एकाच कायद्याखाली आणली, राज्यपाल सर्वांचे कुलाधिपती राहिले आणि ग्वाल्हेरचा स्वतंत्र कायदा इतिहासजमा झाला. पण दोन कामांतला हा ताण त्या कायद्यानेही मिटला नाही.

पुढचा इतिहास वजाबाकीचा आहे. अभियांत्रिकी महाविद्यालये राज्याच्या तंत्रज्ञान विद्यापीठाकडे गेली. वैद्यकीय शिक्षण जबलपूरच्या वैद्यकीय विद्यापीठाकडे. २००८ साली ग्वाल्हेरातच शेतीसाठी विजयाराजे शिंदे यांच्या नावाचे आणि संगीत व कलांसाठी राजा मानसिंह तोमर यांच्या नावाचे विद्यापीठ निघाले. २०२४ साली गुण्याला क्रांतिवीर तात्या टोपे विद्यापीठ सुरू झाले आणि गुना, अशोकनगर, शिवपुरी हे जिल्हे त्याच्याकडे गेले. १८५८ च्या जूनमध्ये जयाजीराव ग्वाल्हेर सोडून आग्र्याला निघून गेले तेव्हा शहर ताब्यात घेणारे तात्या टोपे शिवपुरीला १८५९ च्या एप्रिलमध्ये फाशी गेले. राणी लक्ष्मीबाई ग्वाल्हेरच्याच रणात पडल्या. आज या प्रदेशातल्या पदव्यांवर आणि कॉलेजांच्या पाट्यांवर त्या लढ्यातल्या दोन्ही बाजूंची नावे आहेत, आणि त्यांपैकी बहुतेक मराठी. ती कोणत्या सरकारने, कोणत्या काळात दिली हे पाहिले की त्या त्या वेळच्या सत्तेला भूतकाळातले काय जवळचे वाटत होते ते कळते. विद्यापीठाचे काम मात्र नावावरून कळत नाही.

ते कळते जिल्ह्यांच्या यादीवरून. कलकत्ता, अलाहाबाद, आग्रा, उज्जैन आणि ग्वाल्हेर या क्रमात प्रत्येक वेळी जुने विद्यापीठ पुरेनासे झाले आणि नवे निघाले. विद्यापीठ दूर पडते, हे म्हणणे साठ वर्षांपूर्वी ग्वाल्हेरचे होते, आता ते गुण्याचे आहे. म्हणून गुण्याच्या वेगळेपणाला जिवाजी विद्यापीठाचे अपयश म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. पदवी विद्यार्थ्याच्या दाराशी आणण्यासाठीच ते जन्मले होते. दार गुण्यापर्यंत सरकले तेव्हा त्याचे पहिले काम पुढे गेले. परीक्षांचा भार हलका झालेल्या नौलख्याच्या आवारासमोर आता राधाकृष्णन आयोगाने सांगितलेले दुसरे काम उरले आहे. यापुढे परीक्षांच्या भाराचे निमित्त सांगून ते टाळता येणार नाही.