लांडग्याचा वाटा कोण भरतो?

दौंड तालुक्यात चौफुल्याहून मोरगावच्या रस्त्याला लागलं की ऊस मागे पडतो आणि माळ सुरू होतो. महसूल देत नाही ती जमीन सरकारी दप्तरात ‘पडीक’. तिथल्या चिंकाऱ्याची, खोकडाची, लांडग्याची नोंद ठेवायचं कारणच नव्हतं.

ती ठेवली एका फौजी माणसाने. विल्यम साईक्स १८२४पासून मुंबई सरकारसाठी दख्खनची आकडेवारी गोळा करत फिरत होता. पिकं, माणसं मोजता मोजता त्याने पक्षी, मासे, जनावरंही टिपली. १८३१मध्ये त्याने इथल्या लांडग्याला ‘कॅनिस पॅलिपीस’, म्हणजे फिकट पायांचा, असं शास्त्रीय नाव दिलं. शेजारी मराठी नावही लिहिलं. हा प्राणी उघड्या खडकाळ मैदानात भरपूर, घाटातल्या रानात नाही, हे त्याचं निरीक्षण आजही खरं आहे.

पण त्याच शतकाच्या उत्तरार्धात इंग्रज सरकार लांडगा मारणाऱ्याला इनाम देत होतं. इतिहासकार महेश रंगराजन यांच्या अंदाजानुसार १८७५ ते १९२५ या काळात हिंदुस्थानात सुमारे दोन लाख लांडगे मारले गेले, वाघांच्या दुपटीहून जास्त. (आपल्याला फोटो माहीत असतात ते वाघाच्या शिकारीचे.)

स्वातंत्र्यानंतर दुसरं टोक गाठलं. १९७९मध्ये माळढोकासाठी ८,४९६ चौरस किलोमीटरचं अभयारण्य जाहीर झालं. भीमेपलीकडचे श्रीगोंदा, कर्जत त्यात आले, गावांसकट, शेतांसकट. जमिनीचे व्यवहार अडले आणि लोक पक्ष्यावरच चिडले. पुढे हद्द आकसली, तोवर माळढोकही दिसेनासा होत आला होता.

शिरूर तालुक्यात मोराची चिंचोली आहे. चिंचेची झाडं, शिवारात मोर. मोर पिकात शिरतो, दाणे टिपतो. पण मोर बघायला आलेला पाहुणा त्याच शेतकऱ्यांच्या पडवीत पिठलं-भाकरी खातो आणि पैसे देऊन जातो. नुकसान आणि कमाई एकाच उंबऱ्यात. माझ्या मते, वन्यजीव पर्यटनाचा याहून सोपा हिशेब नाही.

उसातल्या बिबट्याला हा हिशेब लावता येत नाही. पाण्याबरोबर शिरूरमध्ये ऊस आला, उसात बिबट्या आला, आणि २०२५मध्ये पिंपरखेड परिसरात माणसं गेली. तिथे पर्यटनाची भाषा करणंही क्रूर ठरेल.

लांडग्याचं काय? २०२४मध्ये पुणे वनविभागाने दौंडशेजारी बारामतीतल्या शिर्सुफळला आणि इंदापुरातल्या कडबनवाडीला गवताळ सफारी सुरू केली. ठरलेला रस्ता, ऑनलाइन नोंदणी, सोबत गावातला मार्गदर्शक. लांडग्यामागे माळावर मोकाट गाड्या पळवण्यापेक्षा हे कितीतरी बरं. गावातल्या पोरांना कामही मिळतं.

पण लांडगा जगतो तो बऱ्याच अंशी धनगरांच्या मेंढरांवर. काही मेंढपाळ नेलेल्या कोकराला ‘त्याचा वाटा’ म्हणतात. सरकारी भरपाई आहे, पण तिला वर्दी हवी, पंचनामा हवा. वाडा तर आज इथे, परवा पुढच्या शिवारात. मेंढरं वनजमिनीत चरली तर वाद वेगळाच. मार्गदर्शकाचे पैसे गावात राहणाऱ्याला मिळतात आणि सफारीची गाडी सकाळी निघते, तेव्हा रात्री कोकरू गमावलेला माणूस वाघर गुंडाळून घोड्यावर लादत असतो.